परिचयाच्या दोन ओळी

लोकप्रतिनिधींचे परिचयग्रंथ चाळताना मी आधी एकच गोष्ट पाहतो : माहिती लिहिली कोणी? आमच्या नागपूरचेच उदाहरण घ्या. डॉ. ना. भा. खरे १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले. जुलै १९३८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पं. रविशंकर शुक्ल व पं. द्वारकाप्रसाद मिश्र यांनी तो नाकारला, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले. पण काँग्रेसश्रेष्ठींपुढे त्यांना तेही सोडावे लागले आणि शुक्ल मुख्य प्रधान झाले.

पुढे १९५६ साली या राज्याच्या स्वातंत्र्यलढ्याचा सरकारी इतिहास निघाला. संपादक कोण? तर मिश्रच! उलट, खरे पहिल्या लोकसभेत निवडून गेले. तेथील परिचयग्रंथ सभासदांनी स्वतः पुरविलेल्या माहितीवर बेततात. एकीकडे प्रतिपक्षाची लेखणी, दुसरीकडे आपली आपण.

‘राजीनामा दिला’ आणि ‘पद सोडावे लागले’ : साल तेच, महिना तोच, दोन्ही वाक्ये खरीच. पण क्रियापद बदलले की निकाल लागला! म्हणून वाचकहो, मुलांच्या हाती असा ग्रंथ देताना शेजारी प्रतिपक्षाचाही ठेवा. एकाने जे गाळले, ते बहुधा दुसऱ्याने जपून ठेवलेले असते.