शहाजोग हुंडी आणि सोळा आकडे

पालघरच्या आत्याचा प्रश्न अगदी साधा होता. "अरे, ते सामान मागवताना दरवेळी विचारतात, कार्ड सेव्ह करू का म्हणून. हो म्हणू की नको?" मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण तेव्हापासून डोक्यात जे घोळतंय ते दोन वाक्यांत मावणारं नाही, म्हणून हा प्रपंच. विषय ऑनलाइन खरेदीचा असला तरी सुरुवात मात्र जरा लांबून, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या तारापूरपासून करतो.

बोईसर म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते आणि तारापूर म्हटलं की अणुवीज केंद्र. ते १९६९ साली सुरू झालं आणि आमच्या भागाची ओळखच बदलली. त्याआधीच्या तारापूरबद्दल, किल्ल्याचा अपवाद सोडला तर, फारसं कोणी बोलत नाही. पण विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे दोघे पारशी भाऊ इथलेच. कोकण किनाऱ्यावरच्या जकातीचे मक्ते घेत घेत हे घराणं वर आलं आणि पुढे थेट हैदराबादला निजामाचं सावकार होऊन बसलं. १८२५-२६ साली वऱ्हाडातला कापूस मुंबईला पाठवायला पहिल्यांदा सुरुवात केली ती यांनीच. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या नावाने रुपये पाडले जात, 'पेस्तनशाही' रुपये. नाणीसंग्राहकांकडे ते आजही बघायला मिळतात. तारापूरच्या माणसाच्या नावाचं नाणं! शाळेत आम्हाला हे कोणीही सांगितलं नाही, असो.

त्या काळी वऱ्हाड, हैदराबाद, मुंबई असा पैसा फिरवायचा म्हणजे रोकड बैलावर लादून नेण्यात काही अर्थ नव्हता. वाटेत चोर-दरोडेखोर. म्हणून हुंडी. इथल्या पेढीवर पैसे भरा, एक कागद घ्या, तिथल्या पेढीवर तो दाखवा आणि पैसे उचला. आपण अजूनही 'वटवणे' हे क्रियापद वापरतो ते त्यातलंच.

आता गंमत अशी की कागदही चोरीला जातोच. मग व्यापाऱ्यांनी काय करावं? हुंडीवर रक्कम लिहिताना ते तिची निमपटही लिहीत. म्हणजे 'रुपये पाचशे, त्याचे दुप्पट हजार पुरे' अशा थाटात, जेणेकरून कोणी एक शून्य वाढवलं तर हिशोब जुळू नये. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की त्या हुंडीचं खोखं होई, म्हणजे ती मेली. आणि या सगळ्यात मला सर्वात हुशारीची वाटते ती शहाजोग हुंडी. हिचे पैसे कोणाही उपटसुंभाला मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे असा 'शाह' व्यापारी ती घेऊन आला तरच पेढी पैसे मोजी. पुढे हुंडी चोरीची निघाली तर त्या शाहला शोधणं सोपं, आणि पैसे परत करायची जबाबदारी त्याची. चोराच्या हातात मात्र तो नुसता कागद. 'उगाच शहाजोगपणाचा आव आणू नकोस' असं आपण म्हणतो ना, तो शब्द याच बाजारातला.

थोडक्यात, चोरीच होऊ नये अशी व्यवस्था कोणालाच करता येत नाही. चोरलेली वस्तू चोराला निरुपयोगी ठरेल अशी करता येते. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळच्या पेढ्यांना हे कळलेलं होतं. आणि मग आलं क्रेडिट कार्ड.

कार्डाचे सोळा आकडे नीट बघितलेत का कधी? शेवटचा आकडा हा आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो. आयबीएमच्या हान्स पीटर लून या माणसाने १९५४ साली ही युक्ती पेटंटसाठी दाखल केली. आकडा चुकीचा टंकला गेला तर यंत्राच्या लगेच लक्षात यावं एवढाच तिचा उपयोग, म्हणजे हुंडीवरच्या निमपटीची धाकटी बहीणच म्हणा. चोराला अडवायला ती काहीच करत नाही. उलट, हे आकडे आणि मुदतीची तारीख ज्याच्या हाती त्याच्या हाती पैसे, असा सगळा कारभार. शाह-बिह काही नाही, जो दाखवील त्याची हुंडी!

दुकानात कार्ड हातात असायचं तोवर हे चालून गेलं. जालावर खरेदी सुरू झाली तेव्हा हातात फक्त आकडे उरले. त्यातून ॲमेझॉनने एका टिचकीत खरेदी करायच्या युक्तीचं १९९९ साली अमेरिकेत पेटंट मिळवलं. एका टिचकीत खरेदी व्हायची तर तुमचे आकडे दुकानदाराने आधीच लिहून ठेवलेले हवेत. कार्ड 'सेव्ह' करण्याची जगाला चटक लागली ती साधारण तिथून. आणि जानेवारी २००० मध्येच, म्हणजे पेटंटचं वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सीडी विकणाऱ्या 'सीडी युनिव्हर्स' नावाच्या अमेरिकन दुकानातून 'मॅक्सस' नावाने वावरणाऱ्या चोराने तीन लाख कार्डांचे आकडे पळवल्याचा दावा केला. एक लाख डॉलर मागितले, दुकानाने नाही म्हटलं, तर पठ्ठ्याने हजारो आकडे सरळ जालावर टाकून दिले. इतका स्पष्ट इशारा मिळूनही पुढची वीस वर्षं जगभरची दुकानं आकडे साठवतच राहिली.

आमच्या बोईसरला हे सगळं उशिराच पोचलं. ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वेची तिकिटं जालावर मिळू लागली तेव्हा चित्रालयाच्या सायबर कॅफेत बसून कार्डाचे आकडे टाकायला भल्याभल्यांचा हात थरथरायचा. कॅफेवाला मागून बघत तर नाही ना! २०१३ च्या एप्रिलमध्ये विरारची लोकल डहाणूपर्यंत आली, तोवर काही चांगलं घ्यायचं तर शटल पकडून मुंबई गाठायची, दिवस मोडायचा. त्यामुळे कुरियर नवापूर रोडपर्यंत यायला लागलं तेव्हा लोक ऑनलाइन खरेदीवर तुटून पडले यात नवल नाही. आमच्या गावाला त्याची मुंबईकरांपेक्षा जास्त गरज होती.

या सगळ्यात रिझर्व्ह बँकेने एक गोष्ट जगाच्या आधी केली, तिचं श्रेय द्यायलाच हवं. १ ऑगस्ट २००९ पासून जालावरच्या कार्डखरेदीला आकड्यांखेरीज आणखी एक खूण सक्तीची झाली. आधी पासवर्ड, मग मोबाइलवरचा ओटीपी. कटकट म्हणून तेव्हा किती बोटं मोडली गेली! २०१४ साली उबरने पैसे परदेशातून वळते करून ही खूण टाळायचा मार्ग काढला होता. रिझर्व्ह बँकेने त्या ऑगस्टमध्ये परिपत्रक काढून तोही बुजवला. पण एक खिंडार राहिलंच. परदेशी दुकान ओटीपी मागत नव्हतं.

त्याच खिंडारातून आमच्या घरात चोर शिरला. माझा आतेभाऊ (आत्या, तू हे वाचशील म्हणून नाव घालत नाही) तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होता. एका रात्री दोनच्या सुमारास त्याच्या मोबाइलवर लागोपाठ तीन मेसेज आले, डॉलरमध्ये. सकाळी शिफ्टला निघताना त्याने बघितले. अडतीस हजार. मुलीची फी भरायचा महिना होता. बँकेचं म्हणणं, तुम्ही नाही केलंत हे सिद्ध करा. दोन वाजता मी झोपलो होतो हे माणूस सिद्ध कसं करणार? चार महिने अर्ज, पोलीस ठाण्यातली तक्रार, बँकेच्या फेऱ्या. शेवटी पैसे परत आले, मधल्या काळातलं व्याज आणि दंड मात्र त्याच्याच माथी. आणि आकडे फुटले कुठून हे कधीच कळलं नाही. कार्ड चार दुकानांकडे ठेवलेलं होतं, प्रत्येकजण म्हणणार आम्ही नव्हे. मला विचाराल तर अडतीस हजारांपेक्षा हे वाईट होतं.

'सिद्ध करा'चं ओझं बँकेवर टाकणारं परिपत्रक पुढे ६ जुलै २०१७ ला आलं. ग्राहकाची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना चोरी झाली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. नातेवाईक मंडळींनी हे वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं. भावाला मात्र ते उशिरा आलं.

मधल्या काळात एकेक बातमी येतच होती. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचं बाहेर आलं, कॉलनीतही कितीतरी जणांची कार्डं बदलून आली. त्यानंतर पुण्याची कॉसमॉस. १९०६ सालची, मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बँकेच्या कार्डव्यवस्थेच्या मध्ये आपली खोटी व्यवस्था घुसवली, आणि तिने नकली कार्डांना भराभर 'हो, द्या पैसे' म्हणायला सुरुवात केली. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी निघाले, भारतात अडीच कोटी. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४.४२ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं, ते बहुतेक एटीएमपाशी उभे राहून पैसे काढणारे हस्तक होते. ही चोरी दुकानातून झालेली नव्हती हे खरं. पण खोटं कार्ड आणि खोटा होकार जमला की शाह कोण आणि चोर कोण हे यंत्राला कळत नाही, ते यात उघडं पडलं. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये जसपे या पैसे फिरवणाऱ्या कंपनीतून कोट्यवधी कार्डनोंदी गेल्या, आकडे अर्धवट झाकलेले होते हे नशीब. लोकांना ते कळलं जानेवारी २०२१ मध्ये. तुमच्याआमच्यापैकी किती जणांनी या कंपनीचं नाव तोवर ऐकलं होतं? कार्ड आपण दुकानाला देतो, ते पुढे कोणाकोणाच्या तिजोरीत जाऊन बसतं याचा पत्ताच नसायचा.

शेवटी रिझर्व्ह बँकेने तिजोऱ्याच काढून घेतल्या. मार्च २०२० च्या नियमांत म्हटलं की दुकानदाराने कार्डाचे आकडे साठवायचे नाहीत. मग मुदतवाढी सुरू झाल्या. जून २०२१ ची डिसेंबर झाली, डिसेंबरची जून २०२२, जूनची सप्टेंबर. दुकानदारांची ओरड होती की गिऱ्हाईक पळेल, धंदा बुडेल. ती अगदीच खोटी नव्हती, छोट्या दुकानांना तयारी जड गेली. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १९.५ कोटी टोकन तयार झाली आहेत. आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखी जाळी सोडली तर देशात कोणालाही आपले पूर्ण आकडे ठेवता येत नाहीत. ओळखीपुरते शेवटचे चार, बस्स.

आता 'कार्ड सेव्ह करू का' म्हणतात तेव्हा दुकानाकडे राहतं ते टोकन. आकडेच, पण तुमच्या कार्डाचे नव्हेत. ते त्या एका कार्डाचं आणि त्या एका दुकानाचं जोडपं असतं. बुटांच्या दुकानातलं टोकन चोरून किराणा घेता येत नाही. म्हणजे काय झालं? हुंडी पुन्हा शहाजोग झाली! वीसेक वर्षं वाटेल त्याला पैसे देणारी हुंडी आपण गावभर वाटत होतो, ती आता ठरलेल्या माणसाच्या हातातच वटते. हे मुंबईच्या मिंट रोडवर बसलेल्या साहेबांनी हुंडीवरून घेतलं असं मी अजिबात म्हणत नाही. ही कल्पना जगभर चालत होतीच. पण सर्व दुकानांना एका तारखेपासून सक्ती करायचं धाडस आपल्याकडे झालं, याचा मला, खरं सांगतो, अभिमान वाटतो.

मात्र तारापूरच्या त्या पेढीचा शेवटही सांगायला हवा. निजामाच्या दरबाराने त्यांच्याकडून अफाट कर्ज घेतलं, तारण म्हणून जिल्ह्यांचा महसूल लावून दिला, आणि १८४०च्या दशकात ते जिल्हे परत काढून घेतले. पैसे आले नाहीत. पेढी बुडाली ती वाटेवरच्या चोरामुळे नव्हे, तर ज्याच्यावर सगळा भरवसा टाकला होता त्याच्यामुळे. टोकनमुळे दुकानाची तिजोरी रिकामी झाली, पण सगळे आकडे आता बँकांच्या आणि जाळ्यांच्या तिजोऱ्यांत एकवटले, आणि कॉसमॉस ही बँकच होती. शिवाय चोरांनीही धंदा बदललाय. आकड्यांच्या मागे लागण्यापेक्षा ते सरळ फोन करतात, "काकू, केवायसी संपतंय, आलेला नंबर सांगा." टोकन तिथे काय करणार?

नियमात आणखी एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. आपलं टोकन कोणाकोणाकडे आहे याची यादी बँकेला दाखवावी लागते, आणि नको ते काढून टाकता येतं. रविवारी बाबांचं कार्ड घेऊन बसलो. पाच नावं निघाली. एका दुकानातून त्यांनी दिवाळीला एकदाच काहीतरी मागवलं होतं, दुसऱ्याचं नाव त्यांना आठवेचना. ती दोन्ही काढली. खोखं झालं! औषधांचं, विजेच्या बिलाचं आणि रेल्वेचं ठेवलं.