मस्टरवरचा सेंटर फॉरवर्ड

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, शेजारी बोईसरला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढत गेली, आणि त्यांच्याबरोबर मुंबईत काही दशके आधीच रुळलेली एक जीवनपद्धतीही पालघरच्या या किनारपट्टीत आली, जिच्यात नोकरी, क्वार्टर आणि क्लब ही सारी एकाच मालकाची देणी असतात. मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास याच पद्धतीने घडवला. १९५० च्या दशकात मुंबईच्या मैदानांवरचा आघाडीवीर, म्हणजे गोल करणे हेच ज्याचे मुख्य काम असा खेळाडू, बहुधा एखाद्या कंपनीच्या मस्टरवर असे. पगार कचेरीतल्या पदाचा मिळे, आणि सामन्यासाठी लवकर सुटी ही साहेबाची सवलत मानली जाई.

या व्यवस्थेच्या मुळाशी ब्रिटिश पलटणी होत्या. मुंबईत १८९१ पासून खेळला जाणारा रोव्हर्स चषक दीर्घकाळ त्यांच्याच हाती राहिला. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही प्रादेशिक संघटना आली, आणि पलटणी मागे हटत गेल्या तसतशी त्यांची जागा टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल यांसारख्या कंपन्यांच्या संघांनी घेतली. या संघांना खेळाडू पुरवण्यात मुंबईतल्या गोवेकर वस्तीचा वाटा मोठा होता. धोबी तलाव आणि माझगाव भागांत गोव्यातील एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुड’ नावाच्या सामायिक निवासांत खलाशी, आचारी, वादक आणि नोकरीच्या शोधातील तरुण उतरत, आणि फुटबॉल हा त्यांच्या समाजजीवनाचाच भाग होता.

नेव्हिल डिसोझा याच समाजातला. बार्देश तालुक्यातील आसगाव येथे १९३२ मध्ये त्याचा जन्म झाला, तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. त्याची कारकीर्द मात्र मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लब आणि कॅल्टेक्स या कंपनी-संघांकडून घडली. १९५४ मध्ये मुंबईने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडक प्रथमच जिंकला त्या संघात तो होता, आणि कॅल्टेक्सने १९५८ मध्ये रोव्हर्स चषक पटकावला.

त्याचे नाव टिकले ते मेलबर्नमुळे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळलेल्या भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरवले होते, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ मध्ये हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम प्रशिक्षक आणि बंगालचे समर बॅनर्जी कर्णधार असलेला संघ मेलबर्नला गेला. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार पडली, आणि १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसोझाने हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल, साधली. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई संघ. उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता, आणि उत्तरार्धात पहिला गोल डिसोझाचा झाला. चार वर्षांपूर्वी दहा गोल पत्करलेल्या संघाने त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध आघाडी घ्यावी, ही गोष्ट नंतरच्या ४-१ या पराभवाखाली फार लवकर गाडली गेली. कांस्यपदकाचा सामनाही बल्गेरियाने ३-० असा जिंकला. तरी डिसोझा चार गोलांसह युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्या बरोबरीने स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारा ठरला.

ऑलिंपिकमध्ये त्या काळी हौशी, म्हणजे खेळण्याबद्दल पैसे न घेणाऱ्या, खेळाडूंनाच प्रवेश होता. मिलानोव्ह सोफियाच्या लष्करी क्लबाचा, डिसोझा मुंबईच्या कंपनी-संघांचा. पलटण असो वा तेल कंपनी, हौशीपणाची ही सोय कागदावर सारखीच बसे. फरक पडे तो पुढे. ज्याच्या गोलांना बाजारात मोल मिळू शकले असते त्याला कंपनीच्या नोकरीने स्थैर्य दिले आणि त्याच स्थैर्याने मुंबईत बांधून ठेवले. १९८० मध्ये डिसोझाचे निधन झाले तेव्हा तो अवघा ४७ वर्षांचा होता.

याउलट, गोलांना परदेशात मोल मिळालेल्या आघाडीवीराचे उदाहरण ट्युनिशियात सापडते. हा देश त्याच १९५६ च्या मार्चमध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाला, आणि १९७८ मध्ये मेक्सिकोला ३-१ असे हरवून विश्वचषकात सामना जिंकणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला. तेथील इसाम जमाआ हा गाबेस येथे १९८४ मध्ये जन्मलेला आघाडीवीर राजधानीतील एस्पेरान्स क्लबातून २००५ मध्ये फ्रान्सच्या लांस क्लबात गेला, पुढे ओसेर आणि आखाती देशांतील क्लबांकडून खेळला, आणि ३६ गोलांसह आपल्या देशाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू बनला. २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम चमूत तो नव्हता आणि पुढच्या दोन स्पर्धांसाठी ट्युनिशिया पात्रच ठरला नाही, हा त्याच्या नशिबाचा भाग. पण फ्रेंच साम्राज्याने मागे ठेवलेली भाषा व वाट त्याच्यासाठी उघडी होती. अशी वाट मुंबईच्या आघाडीवीराला कधी मिळाली नाही.

कंपनी-संघाची दुसरी मर्यादा म्हणजे त्याचे आयुष्य ताळेबंदावर टांगलेले असे. कॅल्टेक्सचा भारतातील व्यवसाय १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि पुढे तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. कांदिवलीत मोठा कारखाना असलेल्या महिंद्राचा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला, आणि २०१० मध्ये बंद केला गेला.

उद्योगसमूहांचे पैसे त्यानंतर खेळातून गेले नाहीत, केवळ ठिकाण बदलले. तारापूरला रंगीत व जस्तलेपित पत्र्यांचा कारखाना चालवणाऱ्या जेएसडब्ल्यू समूहाने २०१३ मध्ये बंगळुरू एफसी हा व्यावसायिक क्लब स्थापन केला, ज्याने पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली आणि ज्याचा कर्णधार सुनील छेत्री त्याआधी अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबाच्या दुसऱ्या संघापर्यंत जाऊन आला होता. त्याच वर्षी चर्चगेट-डहाणू लोकल सुरू झाल्या, आणि विरारपुढच्या पालघर-बोईसरच्या मुलांना मुंबईच्या मैदानांपर्यंत थेट गाडी मिळाली. केळवे-माहीम भागातून क्रिकेटसाठी मुंबई गाठणाऱ्या शार्दूल ठाकूरच्या शालेय दिवसांत ती नव्हती. फुटबॉल खेळणाऱ्या मुलासाठी मात्र चर्चगेटला उतरल्यावर कूपरेजचे मैदान आहे, पण ज्या मस्टरवर डिसोझाच्या पिढीचे पोट भरे ते तिथे जवळपास उरलेले नाही, आणि कारखाना त्याच्या घराशेजारी असला तरी त्याच समूहाचा क्लब बंगळुरूला आहे.