कल्याण-डोंबिवलीतील घनकचरा व्यवस्थापन

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील घरे, बाजारपेठा, उपाहारगृहे आणि रस्ते यांतून निघणारा कचरा गोळा करणे, वाहून नेणे व त्याची विल्हेवाट लावणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या महानगरपालिकेच्या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते. त्यानंतर हद्द आणि वस्ती दोन्ही वाढली असून शहराचा दैनंदिन कचरा अंदाजे सहाशे टनांच्या घरात जातो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील घातक रासायनिक कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम व यंत्रणा आहेत. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केलेला नाही.

पार्श्वभूमी

ज्या गावांवर ही शहरे उभी राहिली, तेथे उकिरडा ही टाकाऊ जागा नव्हती. शेण, राख, पालापाचोळा आणि खरकटे तेथे कुजत असे व पावसाळ्यापूर्वी ते खत म्हणून भातखाचरांत जात असे. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण त्याच जगातली आहे. भातशेती मागे हटून इमारती आल्या, कचऱ्यात प्लास्टिक मिसळले आणि हे चक्र तुटले. शहराच्या कडेला साठलेल्या ढिगाचे पांग मात्र बारा वर्षांतही फिटले नाहीत.

आधारवाडी कचराभूमी

कल्याण पश्चिमेस खाडीकाठी, आधारवाडी कारागृहाच्या परिसरात पालिकेची कचराभूमी होती. लोकांच्या बोलण्यात तिचे नाव 'डम्पिंग' असेच आहे. शास्त्रोक्त भरावभूमीत तळाशी अभेद्य थर असतो, कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी गोळा करण्याची सोय असते आणि टाकलेला कचरा वेळोवेळी मातीने झाकला जातो. येथे अनेक दशके मिश्र कचरा उघड्यावर रचला गेला आणि त्याची टेकडी झाली. अशा ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. ओला कचरा तेथे प्राणवायूविना कुजतो व मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो. त्यामुळे उन्हाळ्यात ढिगाला वारंवार आगी लागत. वरून पाणी मारले तरी आत धुमसणारा कचरा विझत नसे आणि धूर आसपासच्या वस्त्यांत पसरे. हे दुष्परिणाम प्रामुख्याने ज्यांनी भोगले, त्या रहिवाशांचा एकूण कचऱ्यातील वाटा अगदी थोडा होता, ही गोष्ट या प्रश्नाच्या चर्चेत सहसा मागे पडते.

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या ओघात केंद्र सरकारने २००० मध्ये नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम केले. कल्याण-डोंबिवलीत त्यांचे पालन होत नसल्याचे पाहून मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. बांधकाम परवानग्यांचे शुल्क हा पालिकेच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार असल्याने हा आदेश जिव्हारी लागणारा होता. पुढील वर्षी मनाई सशर्त उठली. आधारवाडीला गाड्या जाणे मात्र थांबले नाही.

शून्य कचरा मोहीम

मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीच्या काळात, पालिकेने 'शून्य कचरा मोहीम' हाती घेतली. घनकचरा विभागाचे तत्कालीन उपायुक्त रामदास कोकरे यांनी पूर्वी वेंगुर्ले येथे मुख्याधिकारी असताना कचराभूमीविना शहर चालवून दाखवले होते. वेंगुर्ल्याची रीत पंधरा लाखांच्या शहरात चालेल का, ही शंका त्यावेळी गैर नव्हती.

मोहिमेचा गाभा साधा होता. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा. ओला नियमितपणे व सुका आठवड्याच्या ठरावीक दिवशी घ्यायचा. मिश्र कचरा उचलायचाच नाही. रस्त्यांवरच्या कचराकुंड्या टप्प्याटप्प्याने हटवण्यात आल्या. पाच किलो प्लास्टिकच्या बदल्यात पोळी-भाजीचे कूपन देण्याचा उपक्रमही राबवला गेला. विरोधही झाला. कुंड्या गेलेल्या नाक्यांवर रात्रीच्या अंधारात पिशव्या टाकल्या जात, आणि कचऱ्यासाठी वेगळे शुल्क आकारण्याच्या निर्णयावर नागरिकांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. २५ मे २०२१ रोजी आधारवाडीत नवा कचरा टाकणे बंद करण्यात आले.

वर्गीकरणावर एवढा भर का, हे प्रक्रियेच्या स्वरूपावरून ध्यानात येते. भारतीय शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. तो निर्भेळ मिळाला तर त्यापासून खत किंवा बायोगॅस होतो. त्यात काचा, बॅटरीचे सेल वा प्लास्टिकचे तुकडे मिसळले तर त्या खताला शेतकरी हात लावत नाही. उलट खरकट्याने भिजलेला कागद भंगारवालाही घेत नाही. म्हणजे दोन उपयोगी वस्तू एकत्र केल्याने दोन्ही निरुपयोगी होतात. कल्याण पश्चिमेत उंबर्डे आणि बारावे येथे पालिकेची प्रक्रिया केंद्रे आहेत. बारावे येथील केंद्राला परिसरातील रहिवाशांनी विरोध केला होता. आधारवाडीचा अनुभव गाठीशी असलेल्या शहरात हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार दररोज सरासरी १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणारे गृहसंकुल, हॉटेल वा संस्था हे 'मोठे कचरा उत्पादक' ठरत. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो स्वतःच्या आवारातच प्रक्रिया करावी, असे हे नियम सांगत होते.

शेजारचे ठाणे

ठाणे शहरात दररोज सुमारे हजार टन कचरा निघतो, परंतु या महानगरपालिकेकडे दीर्घकाळ स्वतःची अधिकृत कचराभूमी नव्हती. कचरा दिव्यात, खारफुटीलगतच्या जागेवर टाकला जाई. दिवावासीयांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२३ च्या सुरुवातीस तो प्रकार थांबला. तेव्हा भंडार्ली येथे तात्पुरता आणि पुढे दायघर येथे कायमस्वरूपी प्रकल्प नेण्यात आला; दोन्ही ठिकाणी ग्रामस्थांचा विरोध झाला. वागळे इस्टेटमधील सी. पी. तलाव हस्तांतरण केंद्रावर साचणाऱ्या ढिगांबद्दलही तक्रारी होत राहिल्या. निर्माल्याच्या बाबतीत मात्र ठाण्याने चांगला पायंडा पाडला. गणेशोत्सवात तलावकाठी निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत केले जाते.

जुना कचरा

नवा कचरा थांबला तरी आधारवाडीची टेकडी उरते. असा जुना ढीग उपसून, वाळवून, चाळून त्यातील माती, ज्वलनशील तुकडे आणि दगड-विटा वेगळे करण्याच्या पद्धतीला बायोमायनिंग म्हणतात. ते पावसाळ्यात जवळजवळ ठप्प होते. चाळून निघालेले प्लास्टिकचे तुकडे सिमेंट भट्ट्यांना इंधन म्हणून पाठवता येतात. पण ते माखलेले आणि ओलसर असल्याने वाहतुकीचा खर्च बहुधा पालिकेलाच सोसावा लागतो.