निद्रावस्था, संगणकाची : ग्राफिक्स ड्रायव्हरचे कार्य

चालू असलेली कामे बंद न करता संगणकाचा वीजवापर जवळजवळ थांबविणे आणि नंतर ती कामे होती त्याच स्थितीत पुन्हा सुरू करणे, या क्रियेस संगणकाची निद्रा म्हणतात. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘सस्पेंड’ या पहिल्या प्रकारात केवळ मुख्य स्मृतीचा वीजपुरवठा चालू राहतो व इतर बहुतेक भाग बंद होतात. जाग येण्यास काही सेकंद पुरतात. ‘हायबर्नेशन’ या दुसऱ्या प्रकारात मुख्य स्मृतीतील माहिती डिस्कवर उतरवून संगणक पूर्णपणे बंद केला जातो. प्राणिशास्त्रातील शीतनिद्रेवरून हे नाव पडले आहे.

वीजपुरवठा भरवशाचा नसेल तेथे या दोहोंमधील फरक महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात २००५ नंतरची काही वर्षे मोठ्या प्रमाणावर भारनियमन होत असे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. पेण किंवा रोहा येथील एखाद्या कार्यालयातील बॅटरी नसलेला संगणक सस्पेंड अवस्थेत असताना वीज गेली, तर जतन न केलेले काम नष्ट होते. शीतनिद्रेतील काम मात्र वीज कितीही काळ नसली, तरी डिस्कवर सुरक्षित राहते. असे असले, तरी दोन्ही प्रकारांचा उपयोग संगणक नीट जागा होण्यावर अवलंबून असतो. बरीच वर्षे नेमकी येथेच अडचण येई : यंत्र सुरू होई, पंखा फिरू लागे, पण पडदा काळाच राही. परिणामी वापरकर्त्यास वीज तोडून संगणक पुन्हा सुरू करावा लागे व जपून ठेवलेले काम हातचे जाई.

अडचणीचे स्वरूप : पडद्यावरील चित्र तयार करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड अथवा तत्सम मंडल करते व त्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या आज्ञावलीस ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणतात. वीज बंद होताच या मंडलातील शेकडो रजिस्टरांमधील मूल्ये पुसली जातात. स्वतंत्र कार्डावरील चित्रस्मृतीतील मजकूरही नाहीसा होतो. म्हणून निद्रेपूर्वी ही माहिती मुख्य स्मृतीत हलविणे आणि जागे होताना स्पंदकाची वारंवारता, पडद्याची जोडणी, मागील प्रकाश, आज्ञांची रांग इत्यादी सर्व योग्य क्रमाने पुन्हा उभे करणे आवश्यक असते. कळफलक किंवा डिस्क यांच्या तुलनेत हे काम अधिक गुंतागुंतीचे असून प्रत्येक निर्मात्याच्या कार्डागणिक बदलते.

प्रारंभीची व्यवस्था : आयबीएम कंपनीने १९८७ मध्ये व्हीजीए ही चित्रपद्धती आणली. तेव्हापासून व्यक्तिगत संगणकाच्या कार्डावरील स्थायी स्मृतीत एक छोटी आज्ञावली असे. ‘व्हिडिओ बायॉस’ नावाची ही आज्ञावली संगणक सुरू होताना एकदा चालून कार्ड सिद्ध करी. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये एपीएम हे वीजव्यवस्थापनाचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात निद्रेचा बहुतेक भार संगणकाच्या बायॉसवर होता. परिचालन प्रणाली केवळ विनंती करी. ही रीत सोपी होती, पण बायॉसला कोणती कामे चालू आहेत हे कळत नसे व त्यातील चुका दुरुस्त करणेही अवघड होते.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे नवे प्रमाण जाहीर केले. त्यात सस्पेंडला ‘एस-३’ व शीतनिद्रेला ‘एस-४’ अशी नावे असून वीजव्यवस्थापनाची सूत्रे परिचालन प्रणालीकडे देण्यात आली. एस-३ मधून उठताना बायॉस अगदी मोजके काम करून नियंत्रण प्रणालीच्या हाती देतो. अनेक यंत्रांत तो व्हिडिओ बायॉस पुन्हा चालवीत नसे. अशा रीतीने जुन्या व्यवस्थेने जबाबदारी सोडली. परंतु कार्ड कसे जागे करावे याचे ज्ञान निर्मात्यापाशीच राहिले. विंडोज २००० व त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी निर्मातेच ड्रायव्हर लिहीत असल्याने तेथे ही पोकळी बऱ्याच अंशी भरून निघाली. मुक्त स्वरूपाच्या लिनक्स प्रणालीत ती ठळकपणे दिसून आली.

लिनक्समधील वाटचाल : लिनक्समध्ये शीतनिद्रेची सोय २००२ मध्ये विकासाधीन आवृत्तीत आली. पाव्हेल माखेक, नायजेल कनिंगहॅम, राफाएल विसोत्स्की इत्यादींनी या क्षेत्रात मोठे काम केले. तथापि त्या काळी कार्डाचे प्रत्यक्ष नियंत्रण प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे नव्हते. ते ‘एक्स सर्व्हर’ या बाहेरच्या आज्ञावलीकडे असे. निद्रेपूर्वी कर्नेल साध्या अक्षरपटलावर जाई, म्हणजे एक्स सर्व्हर कार्डावरील ताबा सोडून देई; उठल्यावर उलट क्रिया होई. मधल्या काळात कार्ड जागे करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

यावर अनेक तात्पुरते उपाय योजण्यात आले. उठताच व्हिडिओ बायॉस पुन्हा चालविण्याची सूचना कर्नेलला देता येई. मॅथ्यू गॅरेट यांच्या ‘व्हीबीईटूल’ने हेच काम बाहेरून करता येई. अनेक लॅपटॉपांत मात्र व्हिडिओ बायॉस हा मुख्य बायॉसचाच भाग असून संगणक सुरू झाल्यावर तो पूर्ण स्वरूपात शिल्लक राहत नसे. तो पुन्हा चालविल्यास यंत्र अडकून पडे. कोणत्या यंत्रास कोणती युक्ती लागू पडते, याची यादी कर्नेलच्या माहितीपत्रांत ठेवावी लागली. अशी यादी ठेवावी लागणे हेच मूळ रचना सदोष असल्याचे लक्षण होते.

२००९ मध्ये या रचनेत मूलभूत बदल झाला. मार्च महिन्यातील कर्नेलच्या २.६.२९ या आवृत्तीत इंटेलच्या मंडलांसाठी पडद्याची मांडणी ठरविण्याचे काम कर्नेलमधील ड्रायव्हरकडे आले. या पद्धतीस ‘कर्नेल मोड सेटिंग’ म्हणतात. चित्रस्मृतीचे व्यवस्थापनही याच सुमारास कर्नेलमध्ये आले. त्यामुळे कोणती माहिती जपावयाची व पडदा कोणत्या स्थितीत परत आणावयाचा, हे दोन्ही एकाच ड्रायव्हरला ठाऊक झाले. एएमडीने सप्टेंबर २००७ पासून आपल्या मंडलांची तांत्रिक माहिती खुली करण्यास प्रारंभ केला होता, तिचाही यास मोठा उपयोग झाला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी माहितीअभावी निरीक्षणातून लिहिलेला ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नेलमध्ये आला. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग मे २०२२ मध्ये खुला केला.

शीतनिद्रेतील विशेष अडचण : शीतनिद्रेत ड्रायव्हरला आपले काम एकाहून अधिक वेळा करावे लागते. प्रथम सर्व उपकरणे स्तब्ध करून मुख्य स्मृतीची प्रतिमा घेतली जाते. ती डिस्कवर लिहिण्यासाठी उपकरणे पुन्हा चालू होतात व त्यानंतर यंत्र बंद होते. उठताना एक नवा कर्नेल सुरू होतो व तो आपल्या ड्रायव्हरमार्फत कार्ड सिद्ध करतो. प्रतिमा वाचून झाल्यावर तो बाजूला होतो आणि निजलेला जुना कर्नेल ताबा घेतो. जुन्या ड्रायव्हरच्या दृष्टीने कार्ड अनोळखी स्थितीत असते. म्हणून कोणतीही पूर्वस्थिती गृहीत न धरता त्याला सर्व मांडणी मुळापासून करावी लागते. शिवाय प्रतिमेसाठी मुख्य स्मृतीतच मोकळी जागा लागते. हल्लीच्या मोठ्या कार्डांची चित्रस्मृती काही यंत्रांत मुख्य स्मृतीइतकी किंवा अधिक असते. तीतील माहिती हलविण्यास जागा न उरल्यास निद्राच रद्द होते.

सद्यःस्थिती : २००७ मध्ये विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये संमिश्र निद्रेची सोय आहे. तीत प्रतिमा डिस्कवर लिहून मग यंत्र सस्पेंड होते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी काम वाचते. अनेक नव्या लॅपटॉपांत एस-३ ऐवजी यंत्र चालू ठेवूनच प्रत्येक भाग किमान विजेवर आणण्याची पद्धत रूढ झाली आहे. तीत ग्राफिक्स मंडल स्वतंत्रपणे निजणे व उठणे अपेक्षित असल्याने ड्रायव्हरची जबाबदारी वाढलीच आहे. सुरक्षिततेच्या कारणास्तव लिनक्सच्या काही मांडण्यांमध्ये शीतनिद्रा बंद ठेवलेली असते, कारण डिस्कवरील प्रतिमेत कोणी फेरफार केला आहे किंवा काय, हे तपासण्याची सोय तेथे नसते. या इतिहासावरून असे दिसते, की जपलेले काम परत मिळणे हे ते साठविण्याच्या साधनाइतकेच यंत्र जागे करणाऱ्या आज्ञावलीवर अवलंबून असते; आणि ती आज्ञावली लिहिणाऱ्यास यंत्राची पूर्ण माहिती उपलब्ध असेल, तरच ती विश्वसनीय होऊ शकते.