पार्किंग क्रमांक सातचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला संस्थेचा इतिहास लिहायला सांगितला होता. पण जमिनीचा व्यवहार, नोंदणी, कन्व्हेयन्स, पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती या सगळ्याचा वृत्तांत सचिवांनी अहवालात दिलाच आहे, आणि माझ्यापेक्षा नीट दिला आहे. म्हणून परवानगी घेऊन मी लहान विषय निवडला. साडेसात फूट रुंद आणि पंधरा फूट लांब एवढाच.

पार्किंग क्रमांक सातमध्ये गेली पंचवीस वर्षे एकच गाडी उभी आहे. सोसायटीतली मुले तिला ‘आजोबांची टॅक्सी’ म्हणतात, मोठी माणसे ‘फियाट’ म्हणतात आणि आरसी बुकात ‘प्रीमियर पद्मिनी’ अशी नोंद आहे. २०१५ साली कमिटीच्या नोटिशीत मात्र तिचा उल्लेख ‘बेवारस स्थितीतील वाहन’ असा होता. त्या नोटिशीचा मला फार राग आला होता. राग येण्याचे कारण असे, की नोटीस खरी होती. २००९ पासून गाडी जागची हलली नव्हती. चारी टायर बसले होते, मागच्या सीटवर मांजर दोनदा व्याली होती, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचे मॅटिंग उचलले तर खालची फरशी दिसत होती. मी सहा महिन्यांची मुदत मागितली. लागले चौदा महिने.

आता थोडा मागचा इतिहास. आपल्या गेटातून बाहेर पडून एलबीएस मार्गाने सायनच्या दिशेने निघालात, की कुर्ल्याला आज जिथे कोहिनूर सिटी उभी आहे, तिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ साली काढली. जहाजे, विमाने आणि मोटारी हे तीन उद्योग या देशात उभे करायचे, असा त्यांचा ध्यास होता. सिंदिया कंपनीची जहाजे, बंगळूरचा विमान कारखाना आणि तिसरा हा कुर्ल्याचा मोटार कारखाना. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, त्यामुळे १९४७ पासून इथे डॉज, प्लायमाउथ अशा गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गोलसर अंगामुळे मुंबईकरांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ ठेवले. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत, त्यामुळे साडी नेसलेल्या बायकांना उतरायला सोपे जाई असे माझी आई म्हणायची. १९६४ मध्ये चौकोनी चेहऱ्याची ‘डिलाइट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली.

त्या काळात गाडी घ्यायची म्हणजे तीनच दारे होती: अँबॅसिडर, फियाट, स्टँडर्ड. पैसे भरायचे आणि वाट बघायची. मी १९७७ साली नाव नोंदवले तेव्हा लग्न ठरायचे होते. गाडी हातात आली १९८१ मध्ये, तेव्हा आमचा मोठा मुलगा चालायला लागला होता. आजच्या मुलांना हे खोटे वाटते. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि ही वाट बघण्याची सवय हळूहळू सुटली.

गाडीसाठी मी बँकेचे कर्मचारी कर्ज घेतले होते. कर्जाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बँकेतला माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांनी फियाट घेतली होती. किंमत बारा हजार. त्यांच्याकडे सात हजार होते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले, आणि उरलेले कर्ज ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडले. ज्या कारखान्यात ती गाडी तयार झाली, त्याच्या दारातल्या जुन्या आग्रा रोडला पुढे शास्त्रीजींचेच नाव मिळाले. आपण रोज ज्याला ‘एलबीएस’ म्हणून शिव्या घालतो तो हाच रस्ता.

असो. नोव्हेंबर २०१५ मध्ये मी कामाला लागलो. पत्र्याचे काम माझ्या आवाक्यातले नव्हते. गाडी टोचन लावून भांडुपच्या एका मिस्त्रीकडे नेली, त्याने सडलेला तळ आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा कापून नवा पत्रा वेल्ड केला. इंजिनही तिथेच उघडले. रंग मात्र मी स्वतः लावणार असे घरात जाहीर केले होते. कारण सांगायला अभिमान असला तरी खरे कारण खर्च होता.

पहिल्या रविवारी मी सुका पॉलिश पेपर घेऊन बॉनेट घासायला बसलो. तासाभराने मागून आवाज आला, “साहेब, सुकं नका घासू. पाणी लावा.”

चौथ्या मजल्यावरचे भाऊ उभे होते. पंधरा वर्षे आम्ही एका इमारतीत राहत होतो, पण लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे बोलणे नव्हते. त्यांनी माझ्या हातातला पेपर घेतला, बादलीत बुडवला, त्याला एक रबराचा तुकडा मागून लावला आणि लांब, सरळ हात मारायला सुरुवात केली. “गोल नाही फिरवायचा. गोल फिरवला की उन्हात दिसतो.” मी विचारले, कुठे शिकलात? ते म्हणाले, “कुर्ल्याला. प्रीमियरला. सव्वीस वर्षं पेंट शॉपमध्ये हेच केलं.”

मी १९७६ ते ८० कुर्ल्याच्या शाखेत काउंटरवर होतो. पगाराच्या दिवशी त्या कारखान्यातल्या माणसांची रांग फूटपाथपर्यंत जायची. भाऊंचे खाते आमच्याच शाखेत होते. म्हणजे त्यांच्या पासबुकावर माझी सही झालेली असणार, आणि माझ्या गाडीच्या पत्र्यावरून त्यांचा हात फिरलेला असू शकतो. आम्ही दोघांनी तेव्हा हिशेब करून पाहिला. १९८१ मध्ये ते तिथेच होते.

घासता घासता गाडीचे थर सुटत गेले. वर मी १९९६ साली मारलेला मरून, त्याखाली १९८८ चा पांढरा, मग राखाडी सरफेसर आणि सगळ्यात खाली फिकट निळा. त्या निळ्यापाशी भाऊ थांबले. बोटाने चाचपून म्हणाले, “हा आमचा.” मरून आणि पांढऱ्याखाली जागोजागी जाड पुट्टी निघाली, ती बाजारातल्या गॅरेजची. निळ्याखाली पुट्टी अजिबात नव्हती.

रंग लावण्यात रंग कमी आणि घासणे जास्त, हे मला साठीनंतर कळले. आधी गंजाला प्रायमर. मग पुट्टी, तीही जितकी पातळ तितकी चांगली, कारण जाड पुट्टी दोन पावसाळ्यांत भेगाळते. मग २२० नंबरचा पेपर, ३२०, ४००. मग सरफेसर. त्यावर भाऊ काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायला लावत आणि परत घासायला लावत. जिथे काळे ठिपके राहतील तिथे खड्डा, जिथे चटकन जातील तिथे उंचवटा. डोळ्यांना न दिसणारे अशा तऱ्हेने दिसते. ऑडिटमध्ये आम्ही बॅलन्सिंग करायचो ते यापेक्षा फार वेगळे नव्हते.

आपल्याकडे गाडीच्या रंगाला सरसकट ‘ड्यूको’ म्हणतात. हा शब्द मुळात अमेरिकेच्या ड्यूपाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव. त्याआधी मोटारींना घोडागाड्यांसारखे वार्निशचे थर देत, आणि ते वाळायला आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमाराला हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला आणि काळ्याखेरीज इतर रंगांच्या गाड्या भराभर निघू लागल्या. झटपट वाळतो म्हणूनच धूळ बसायच्या आत माझ्यासारखा हौशी माणूस तो उघड्यावर मारू शकतो. पण त्याचा एक शत्रू आहे, आणि तो मुंबईत मुबलक आहे: दमट हवा. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो.

भाऊंनी हे सांगितले होते. तरीही गणपतीच्या आत गाडी बाहेर काढायची म्हणून मी २०१६ च्या जुलैत, ते गावी गेलेले असताना, पाऊस थांबलेला बघून बॉनेट आणि छत मारले. अर्ध्या तासात निळ्या रंगावर ताकासारखी साय आली. भाऊ परत आल्यावर नुसते बघत राहिले आणि म्हणाले, “आता दिवाळीपर्यंत हात लावू नका.” सगळे परत घासले.

त्या वर्षभरात सभासदांनी जे सोसले त्याचाही उल्लेख हवा. एप्रिलमध्ये गच्चीवर घातलेल्या पापडांवर कंप्रेसरने उडालेली तांबूस धूळ बसली. त्या काकूंनी मला काही बोलून दाखवले नाही, पापडांची पिशवी आमच्या दाराला अडकवून गेल्या. शेवटचे हात डिसेंबरमध्ये, कामाच्या दिवशी सकाळी, बाकीच्या गाड्या बाहेर गेल्यावर, चहूबाजूंनी प्लास्टिक लावून मारले. वॉचमनची विडी मी आधी विझवायला लावली, मग मुख्य गेटबाहेर पाठवली. खरे सांगायचे तर हे राहत्या इमारतीखाली करायला नको होते. थिनरची वाफ पेट घेते आणि छातीलाही वाईट. हल्लीचे दोन घटकांचे पीयू रंग तर त्याहून वाईट, ते बूथमध्येच मारावेत. कोणी माझे उदाहरण देऊन परवानगी मागितली तर कमिटीने देऊ नये.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. भाऊंच्या मुलीला विचारून लिहितो आहे.

२००४ ते ०८ मी खजिनदार होतो. थकबाकीदारांची नावे रकमेसह नोटीस बोर्डावर लावायची, हा नियम मीच आणला. वसुली सुधारली आणि वार्षिक सभेत माझे कौतुकही झाले. २००६ मध्ये त्या यादीत भाऊंचे नाव सात महिने होते. मला ते फक्त फ्लॅट नंबर आणि रक्कम म्हणून आठवत होते. काम सुटल्यावर ते कुठे कुठे पेंटिंगची रोजंदारी करत होते, हे मला माहीत नव्हते आणि मी विचारलेही नव्हते. मडगार्ड घासताना एक दिवस ते सहज म्हणाले, “साहेब, तुम्ही बोर्डावर नाव लावलंत ना, त्याच आठवड्यात पोरीला बघायला आले होते. लिफ्ट बंद होती. खाली उभं राहून वाचलं त्यांनी.”

मी विचारले, मग?

“जमलं तिथेच. माणसं चांगली निघाली. पण वाचलं त्यांनी.”

एवढेच बोलून त्यांनी पेपर बादलीत बुडवला. मला काही सुचले नाही. मी दुसऱ्या बाजूच्या मडगार्डला लागलो. २०१८ च्या वार्षिक सभेत थकबाकीदारांची नावे बोर्डावर न लावता घरी पत्र द्यावे, हा ठराव मी मांडला. तेव्हा काहींनी विचारले होते की ज्यांनी नियम आणला तेच तो का काढतात. मी ‘कायदेशीर बाजू’ असे काहीतरी उत्तर दिले होते. खरे उत्तर हे.

जानेवारी २०१७ मध्ये गाडी आरटीओच्या तपासणीला गेली, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांचे नूतनीकरण मिळाले. त्यानंतर २०२२ मध्येही मिळाले. पहिल्या फेरीला मी भाऊंना शेजारी बसवून कुर्ल्यापर्यंत नेले. कोहिनूर सिटीच्या समोर गाडी हळू केली. त्यांनी हाताने दाखवले, इथे गेट, इथे बॉडी शॉप, तिकडे कॅन्टीन. उतरायचे का विचारले तर नको म्हणाले. येताना विक्रोळीला उसाचा रस प्यायलो.

भाऊ २०२१ मध्ये गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले आणि नातवाने विचारले की आजोबा, आपली पण नेणार का?

गाडीच्या डिकीचे झाकण आतून मी रंगवलेले नाही. भाऊंनी रंगवू दिले नाही. तिथे कुर्ल्याचा मूळ निळा रंग अजून आहे, कडेला थोडा खरवडलेला. माझा रंग त्याच्याशी मिळवताना दोन शेड गडद झाला, ते उन्हात कळते. रविवारी सकाळी दहाला मी इंजिन सुरू करतो आणि डिकीही उघडतो. ज्यांना बघायचे असेल त्यांनी तेव्हा खाली यावे. मुलांना हॉर्न वाजवायला मिळेल, मात्र एकेकाला एकदाच.