शिंद्यांच्या तोफा व त्या ओतणारे

महादजी शिंद्यांनीं इ. स. १७८४ त डी बॉइनकडून कवायती पायदळाच्या दोन पलटणी उभारविल्या. पुढें अल्पावधींतच त्यांचे कंपू झाले. या फौजेस तोफाबंदुका पुरविणाऱ्या आग्र्याच्या कारखान्यावर सँग्स्टर नामक स्कॉच गृहस्थ होता. इतिहासकार येथेंच थांबतात. परंतु पलटणी वाढल्या तसे सांचेवाले, ओतारी, लोहार, सुतार व दारू कुटणारे हेही वाढले असलेच पाहिजेत, असें आमचें मत आहे.

ता. ११ सप्टेंबर १८०३ रोजीं दिल्लीच्या लढाईंत इंग्रजांनीं ६८ तोफा घेतल्या. त्यांपैकीं पितळी तोफा, एक पोर्तुगीज वजा करितां, हिंदुस्थानांतच ओतलेल्या होत्या. कित्येकांवर मथुरा व उज्जयिनी हीं नांवें होतीं. तरी घडण यूरोपियन कारागिराची, असाच शेरा जेत्यांनीं मारिला! भट्टीपुढें राबणारांचा त्यांत उल्लेखही नाहीं. ऑक्टोबरांत आग्र्याचा किल्ला पडला. तेथील शिंद्यांची चाकरीही संपली.

ज्या संग्राहकांपाशीं शिंदेशाही कारखान्यांच्या रोजमुऱ्याच्या मोडी यादी असतील, त्यांनीं त्या किरकोळ समजून रद्दींत न टाकतां त्यांच्या नकला आम्हांकडे अवश्य पाठवाव्या.