डब्ल्यूएलबीटी दूरचित्रवाणी केंद्र

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन या राजधानीच्या शहरातील दूरचित्रवाणी केंद्र. २८ डिसेंबर १९५३ रोजी ते तिसऱ्या वाहिनीवर सुरू झाले. लमार लाइफ इन्शुअरन्स या विमा कंपनीच्या प्रक्षेपण शाखेकडे त्याची मालकी होती व एनबीसी या राष्ट्रीय जालाचे कार्यक्रम ते प्रक्षेपित करी. मिसिसिपीबाहेर या केंद्राचे नाव पोहोचले ते त्याच्या कार्यक्रमांमुळे नव्हे, तर त्याच्या परवान्यावरून झालेल्या दीर्घ वादामुळे. अमेरिकेतील प्रक्षेपणविषयक कायद्यात प्रेक्षकाला स्थान मिळाले, ते या वादातून.

अमेरिकेत प्रक्षेपणकेंद्रे बहुतांशी खाजगी मालकीची असली, तरी रेडिओलहरींसाठी वापरावयाचे कंप्रतापट्टे हे जनतेचे मानले जातात. १९३४ च्या कायद्यानुसार स्थापन झालेला संघीय संचार आयोग त्यांचा वापर करण्याचे परवाने देतो. त्या काळी परवान्याची मुदत तीन वर्षांची होती. ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९४९ च्या धोरणानुसार वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांच्या सर्व बाजू मांडणे केंद्रांवर बंधनकारक होते. नूतनीकरण मात्र सामान्यतः आपोआप होई.

जॅक्सन केंद्राच्या प्रक्षेपणक्षेत्रात सु. ४५ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. तरीही वंशविभाजनाचा पुरस्कार करणाऱ्या सिटिझन्स कौन्सिलशी केंद्राच्या व्यवस्थापनाचे निकटचे संबंध होते. १९५५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे विधिज्ञ थर्गुड मार्शल यांची जालावरील मुलाखत सुरू असता ती तोडून, तारेतील बिघाडाबद्दल दिलगिरीची पाटी पडद्यावर दाखविण्यात आली. बिघाडाचे हे कारण कोणालाही पटण्यासारखे नव्हते. तक्रारी झाल्या, परंतु परवाना अबाधित राहिला. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ यांच्या मिसिसिपी विद्यापीठातील प्रवेशाच्या वेळीही केंद्राने विभाजनवाद्यांचीच बाजू उचलून धरली. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संस्थेचे मिसिसिपीतील कार्यवाह मेडगर एव्हर्स यांना महापौरांच्या भाषणास उत्तर देण्यासाठी २० मे १९६३ रोजी प्रथमच वेळ मिळाली, ती सु. सतरा मिनिटांची होती. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, १२ जून रोजी, त्यांच्या राहत्या घरासमोर त्यांची हत्या झाली.

युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या धर्मपंथाच्या संचार विभागाचे प्रमुख एव्हरेट पार्कर यांनी ओळखले, की केवळ तक्रारींनी काही साधणार नाही, पुरावा हवा. त्यांनी १ ते ७ मार्च १९६४ या आठवड्यात जॅक्सनमधील स्वयंसेवकांकरवी केंद्राचे कार्यक्रम पहिल्यापासून अखेरपर्यंत नोंदवून घेतले. हे स्वयंसेवक श्वेतवर्णीय होते व त्यांची नावे गुप्त ठेवण्यात आली. त्या वेळच्या मिसिसिपीत तशी आवश्यकता होती. नोंदींच्या आधारे आरन हेन्री व आर. एल. टी. स्मिथ या स्थानिक कृष्णवर्णीय नेत्यांसह आयोगाकडे परवान्याच्या नूतनीकरणास हरकत घेण्यात आली. कृष्णवर्णीयांच्या नावामागे श्री. वा श्रीमती ही साधी आदरार्थी उपपदेही लावली जात नाहीत, असा एक आक्षेप तीत होता.

आयोगाने १९६५ मध्ये सुनावणी न घेताच एक वर्षाचे नूतनीकरण दिले. ज्या शंकांमुळे पूर्ण मुदत नाकारली, त्याच शंकांची चौकशीही नाकारावी, ही भूमिका तर्काला धरून नव्हती. प्रेक्षकांना आयोगापुढे उभे राहण्याचा हक्कच नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. कारण तोपर्यंत आर्थिक हानी वा लहरींचा व्यत्यय सोसणाऱ्यासच तो हक्क मिळे. कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने २५ मार्च १९६६ रोजी हे म्हणणे फेटाळले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती वॉरन बर्गर हे पुराणमतवादी म्हणून प्रसिद्ध होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रक्षेपणाशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येतो त्या प्रेक्षकांच्या जबाबदार प्रतिनिधींना वगळून लोकहित ठरविता येणार नाही, असा त्यांचा आशय होता.

न्यायालयाच्या आदेशानुसार १९६७ मध्ये जॅक्सन येथे सुनावणी झाली, पण पुराव्याचा भार जवळजवळ सर्वस्वी हरकतदारांवरच टाकण्यात आला आणि १९६८ मध्ये आयोगाने पूर्ण तीन वर्षांचे नूतनीकरण बहाल केले. केनेथ कॉक्स व निकोलस जॉन्सन या सदस्यांनी विरोधी मत नोंदविले. २० जून १९६९ रोजी बर्गर यांनी तो निर्णय रद्द केला. आयोगाने हरकतदारांना सहकारी न मानता प्रतिपक्ष मानले, असा ठपका त्यांनी ठेवला. काही दिवसांतच ते सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले.

मालकी निश्चित होईपर्यंत १९७१ पासून कम्युनिकेशन्स इंप्रूव्हमेंट ही ना-नफा तत्त्वावरील संस्था केंद्र चालवू लागली. तिच्या संचालकांत दोन्ही वंशांचे लोक होते. १९७२ मध्ये विल्यम डिल्डे महाव्यवस्थापक झाले. अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्राचे ते पहिले कृष्णवर्णीय महाव्यवस्थापक समजले जातात. वृत्तविभागाचा दर्जा उंचावला व १९७६ चे पीबडी पारितोषिक केंद्राला मिळाले. परवान्यासाठी पाच अर्जदारांत स्पर्धा झाली. आरन हेन्री ज्यांचे अध्यक्ष होते त्या टीव्ही-३ या कंपनीकडे केंद्र १९८० च्या सुमारास गेले. पुढे मालकी अनेकदा बदलली. २०१९ मध्ये ते ग्रे समूहाकडे आले. २३ ऑक्टोबर १९९७ रोजी केंद्राचा सु. ६०० मी. उंचीचा मनोरा दुरुस्तीच्या वेळी कोसळून तीन कामगार मृत्युमुखी पडले होते.

केंद्राच्या छायाचित्रकारांनी १९५४ ते १९७१ या काळात टिपलेला वृत्तचित्रपटांचा संग्रह जॅक्सन येथील राज्य अभिलेखागारात जतन केलेला आहे. मिसिसिपीतील नागरी हक्क चळवळीच्या अभ्यासकांना तो महत्त्वाचे साधन ठरला आहे.